शेपटीचा संकल्प

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर ध्येयबाबांनी वाटीतल्या काळसर 'सिद्ध' पुडीवर चमचाभर तेल ओतलं.

"बोल ताई, मनापासून बोल!"

समोरच्या बाईनं डोळे मिटून नवं घर मागितलं. वाटीतून धूर निघाला आणि भप्पकन जांभळट ज्वाला उठली. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"ध्येय पेटलं! आता हातपाय हलवायचे नाहीत. रोज खटपट करणाऱ्याचा विश्वास कच्चा!"

मागच्या रांगेतल्या मास्तरीणबाईंना शिसारी आली. त्यांचे वडील, अण्णा, जन्मभर बस चालवत आले. पक्षाघातानं उजवा हात गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे ते रोज बोटं उघडायचे, मिटायचे, भिंतीला धरून चालायचे. कंटाळवाणं काम, पण चमचा धरता येऊ लागला होता. तेवढ्यात मास्तरीणबाईंच्या थोरल्या बहिणीनं त्यांना इथं आणलं. 'पुन्हा बस चालवीन,' अण्णा म्हणाले, ज्वाला उठली आणि व्यायाम सुटला. आता मूठ वळून घट्ट बसली होती. थोरली त्यांना लहान मुलासारखं भरवत होती.

मास्तरीणबाई उठल्या आणि तडक व्यासपीठावर गेल्या.

"काय हवंय, बेटा?" बाबांच्या अत्तराचा भपका आला. बाबांचं तेल ओतून होईपर्यंत त्या थांबल्या. मग माइकवर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत मला शेपूट फुटू दे!"

बाबा वाटी ओढायला झेपावले, पण उशीर झाला होता. भप्प! शेपटीचं ध्येयही तितक्याच झोकात पेटलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"शाळेत विज्ञान शिकवते मी," त्या म्हणाल्या. "ही पूड पोटॅशियम परमँगनेटची, आणि हे तेल म्हणजे ग्लिसरीन. एकत्र आले की थोड्या वेळानं आपोआप पेटतात. तुम्ही घर मागा नाहीतर शेपूट, त्यांना काय त्याचं!"

"पाखंडी! श्रद्धेची टवाळी करतेस?"

"ते राहू द्या," मागून एक म्हातारा ओरडला, "शेपूट फुटणार का, ते सांगा!"

अर्धं सभागृह रिकामं झालं. उरलेले मात्र तरीही बाबांच्या पाया पडायला सरसावले. मास्तरीणबाई व्यासपीठावरून उतरून तडक घरी निघाल्या.

घरी अण्णांनी सगळं ऐकलं. डाव्या हातानं त्यांनी उजवी वळलेली मूठ चाचपली.

"मी अगदी मनापासून मागितलं होतं गं."

"ठाऊक आहे, अण्णा. पण बोटांना मन कळत नाही. त्यांना रोज हलवावंच लागतं."

गेलेल्या दिवसांचं नुकसान पुरतं भरून निघेलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णा सदऱ्याचं बटण लावायला बसले. लागलं नाही. थोरली मदतीला धावली, तर खेकसले, "राहू दे! उद्या पुन्हा बघतो."

स्वप्न बघायला कुणाची ना नाही. पण रोजचं काम सोडून नुसतं स्वप्न पेटवा, असं सांगणारा भेटला, तर आधी त्याच्या वाटीत काय आहे ते विचारा.