बाईंनी फिरवलेलं आकाश

"या खुर्च्या माणसं बसवायला केल्यात की झोपवायला?" शेवटच्या रांगेतल्या आजी शेजारणीच्या कानाशी कुरकुरल्या. "मान मागे टाकली की माझी कवळी घशाकडे निघते."

"तरी येता की दर महिन्याला."

"घरी बसून भिंतींशी बोलू? इथे निदान अंधारात कुणाच्या तरी शेजारी बसायला मिळतं."

त्यांच्या पाठीशी, हातभर अंतरावर, बाईंचं टेबल होतं. बटणं, फिरत्या कळा आणि एक मिणमिणता लाल दिवा. तारांगणाचं आकाश गेली सत्तावीस वर्षं बाईच चालवत होत्या. समोरच्या कोपऱ्यात उभं राहून, हातात प्रकाशाचा बाण घेऊन सर बोलायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीन वाजता, 'आकाशातल्या ताज्या बातम्या'.

बाकीच्या दिवशी ध्वनिमुद्रित कार्यक्रम असायचा. बटण दाबलं की झालं. त्या खणखणीत आवाजाला बाईंची गरज नव्हती. सरांना होती. "बाई, जरा शनी दाखवता?" एवढं ऐकायला त्या महिनाभर दिवस ढकलायच्या. घरी त्यांना 'जरा हे करता?' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी सर म्हणाले, "आता पूर्वेकडे पाहा," आणि बाण रोखला पश्चिमेला. बाईंनी क्षणभर पाहिलं आणि कळ फिरवून अख्खं आकाश अर्धं वळवलं. पूर्व आली बाणाखाली. कुणाला पत्ता लागला नाही. मग ते दर महिन्याचंच झालं. गुरू म्हणायच्या जागी सर शुक्र म्हणाले, तर बाई मुकाट्यानं गुरू विझवून शुक्र पेटवायच्या.

"सर बरे आहेत ना?" कार्यालयातल्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, कागदावरून मान वर न करता. "एकदम," बाई म्हणाल्या होत्या. सरांचा मुलगा न्यायला यायचा, तोही दारातूनच विचारायचा, "मावशी, बाबा ठीक होते ना आज?" विचारणाऱ्यांना 'ठीक' एवढंच उत्तर पाहिजे असायचं आणि बाई ते हातावर ठेवायच्या. वेगळं काही बोललं, तर रविवारीही तो खणखणीत आवाजच घुमणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज तर सर सुरुवातीपासूनच रंगले होते.

"शनीचे नवे एकशे अठ्ठावीस चंद्र सापडलेत, मंडळी. एकूण झाले दोनशे चौऱ्याहत्तर! पण आपल्या चंद्रासारखे गोरेगोमटे नाहीत हं. दोन-चार किलोमीटरचे ओबडधोबड खडक. नावं ठेवायला माणसं कमी पडतायत."

"नावं ठेवायला माणसं कमी पडतात होय कधी!" आजी म्हणाल्या आणि सगळी रांग हसली. बाईही अंधारात हसल्या.

"आणि आता एक गंमत सांगतो," सर म्हणाले. "सूर्यमालेबाहेरून एक पाहुणा आलाय. धूमकेतू. असे आजवर तीनच दिसलेत आपल्याला. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याच्या घरून निघाला आणि कोट्यवधी वर्षं एकटा चालत आला. आपल्या सूर्यानं त्याला जरासं वळवलं, पण वेग असला की धरून ठेवणं काही जमेना. पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. चहासुद्धा नाही! आणि परत कधीच येणार नाही."

लोक मनापासून हसले. हसू ओसरेपर्यंत सर थांबले. मग त्याच सुरात, त्याच उत्साहानं म्हणाले,

"आणि आता एक गंमत सांगतो. सूर्यमालेबाहेरून एक पाहुणा आलाय..."

शब्दन् शब्द तोच. 'चहासुद्धा नाही'पाशी दोघं-तिघं भिडेखातर हसले. कुणीतरी खोकलं.

"अगं, हे आत्ताच झालं ना?" आजी कुजबुजल्या.

"श्श."

बाईंचा हात कळेवर होता. पूर्वेची पश्चिम करता येत होती. गेली पाच मिनिटं पुसणारी कळ त्या टेबलावर नव्हती.

"आणि आता एक गंमत सांगतो," सरांनी तिसऱ्यांदा सुरू केलं.

बाईंनी सूर्योदय लावला. घुमटाच्या कडेनं उजेड चढत गेला आणि तारे विझले. पडणाऱ्याला हात द्यावा तशा लोकांनी घाईघाईनं टाळ्या वाजवल्या आणि एकमेकांकडे न बघता बाहेर पडले.

खुर्च्यांच्या पाठी धरत धरत सर टेबलापाशी आले.

"बाई, आज लवकर उजाडवलंत? पाहुण्याचं सांगायचं राहूनच गेलं की हो."

तेवढ्यात दारातून मुलगा डोकावला. "झालं का? मावशी, बाबा ठीक ना?" म्हणेपर्यंत त्यानं सरांची पिशवी उचललीसुद्धा.

'ठीक' जिभेवर आलं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या.

मुलगा पिशवी धरून तसाच उभा राहिला. "मावशी, घरी बोलू ना आपण. आत्ता कशाला..."

"थांब रे," सर म्हणाले. खुर्चीच्या पाठीवरची त्यांची बोटं घट्ट झाली. "बोला, बाई."

"पाहुण्याचं तुम्ही दोनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा सुरू केलंत, म्हणून मी दिवस उजाडवला. चार महिने तुम्ही चुकलात की मी आकाश फिरवतेय आणि याला 'ठीक' म्हणून सांगतेय. तुमच्यासाठी नाही हो. तुम्ही थांबलात तर मला हाक मारायला कुणी राहत नाही, म्हणून." बाईंनी कळेवरचा हात काढला. "तुम्ही विसरायला लागलाय, सर."