ताईच्या पत्रांतली माझी दुरुस्ती

माझ्या धाकट्या बहिणीचा घशाचा कर्करोग वेळेत सापडला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. पुस्तकांच्या बांधणीच्या कारखान्यात तीस वर्षं देखरेख तिच्याकडे. तिथे सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी तिला हातात मावेल एवढा एक डबा मिळाला. दोन-चार शब्द टाइप केले, की त्यांचं तिच्या ढंगातलं वाक्य करून तो तिच्याच जुन्या आवाजात बोलायचा.

"त्यांनी लिहिलेलं जेवढं असेल तेवढं द्या," डबा तयार करून देणारी तज्ज्ञ बाई मला म्हणाली होती. "त्यावरून तो त्यांची पद्धत शिकेल. आणि याला यंत्र समजू नका. हा आता त्यांच्या शरीराचाच भाग."

ताईने मालकांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रती मी नेऊन दिल्या. दोनशेच्या वर होत्या, तारीखवार लावलेल्या. माझा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, तेवढी शिस्त अंगात आहे.

घरी एक दिवस ती नुसते सुटे शब्द बोलली. पाणी, दिवा, खिडकी. दुसऱ्या दिवशी कामावर निघाली, सोबतीला मी.

मुलींनी तिला गराडा घातला. "ताई, ओरडा ना एकदा. चार महिने कुणी ओरडलं नाही, पार बिघडलोय आम्ही."

ताईने बोटं चालवली. डबा म्हणाला, "सर्वांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती."

मुली हसून बेजार झाल्या. ताईही हसली. मी मात्र उगाच चष्मा पुसला.

कोपऱ्यात कागद कापायचं नवं मशीन होतं. पातं खाली यायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे दोन्ही हात पात्यापासून लांब राहतात. पण बटणांमधलं अंतर कुणा रुंद छातीच्या पुरुषाच्या मापाचं. मशीनवर होती ती मुलगी, तिला सगळे छोटी म्हणत. तिचे हात पुरत नव्हते. तिने एका बटणात पुठ्ठ्याची पाचर ठोकली होती आणि मोकळ्या हाताने पात्याखालचा गठ्ठा सारखा करत होती.

ताईने ते पाहिलं. छोटीला हाताला धरून तिने बाजूला ओढलं आणि तडक मालकांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. टाइप करताना पडदा मला दिसत होता: मशीन आत्ता बंद. हात तुटेल.

डबा म्हणाला, "नव्या मशीनसंबंधी थोडे बोलायचे होते. आपण सवडीने पाहिलेत तर बरे होईल."

"बघू की, ताई," मालक म्हणाले. "सवडीनेच बघू. आवाज छान लागलाय हो, अगदी तुमचाच."

ताईने पुन्हा टाइप केलं. डबा पुन्हा सवडीनेच म्हणाला. हे वाक्य मला पाठ होतं. माझंच होतं.

ताई कच्ची पत्रं मला आणून द्यायची, शुद्धलेखन बघायला. 'दिवे आजच बसवा, बायका आंधळ्या होतील' असं काही असायचं. बाईमाणसाने असं लिहिलं तर माणसं दुखावतील, असं मला वाटायचं. तीस वर्षं मी धार काढून टाकत गेलो. ती विश्वासाने न वाचताच सही करायची. कामं होत नाहीत म्हणून चिडायची, ओरडून करून घ्यायची. आता ओरडणं संपलं होतं.

तिने माझ्याकडे बोट केलं. तू सांग.

मी घसा साफ केला. "म्हणजे, तिचं म्हणणं असं, की शक्य असेल तर..."

ताईने वळून माझ्याकडे बघितलं. मग खोलीबाहेर गेली. छोटी पुन्हा मशीनपाशी उभी होती. ताईने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. सगळा कारखाना थांबला. मालक धावत आले, तेव्हा पाचर त्यांच्या हातात देऊन ती स्विचसमोर उभी राहिली. मिस्त्री येऊन बटणं जवळ घेईपर्यंत हलली नाही.

घरी आल्यावर तिने पेन्सिल घेतली. 'माझी कच्ची पत्रं दे. डब्याला परत शिकवू.'

"नाहीत," मी म्हणालो. "पक्की प्रत झाली की फाडायचो."

'सगळी?'

"सगळी."

तिने पेन्सिल ठेवली, डबा उचलला आणि पडदा माझ्यासमोर धरला. दोनच शब्द होते: आवाज चोरलास. मग तिने बोलायचं बटण दाबलं.

"आपण आजवर घेतलेल्या कष्टांबद्दल," माझ्या बहिणीचा आवाज म्हणाला, "मी आपली अत्यंत आभारी आहे."