बंद खोलीचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. साध्याच लाकडाचा. मित्रांनो, आमची जातच मुळात संशयी. कोण आले, कशाला आले, जाताना काय घेऊन गेले, याकडे लक्ष ठेवण्यातच आमचा जन्म जातो.

सुताराने मला रंधून, घासून एका घरात बसवले. माझ्या एका बाजूला बैठक, दुसऱ्या बाजूला मालकांची कामाची खोली. मालक कवळ्या बनवत. दातांचे डॉक्टर माप पाठवत आणि मालक मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवत. आधी ते दुसऱ्याकडे नोकरीला होते. "आता काम घरीच. तुम्ही सगळे डोळ्यांसमोर राहाल," असे ते बायकोला म्हणाले होते. तेव्हा मी सताड उघडा असे. त्यांची लेक माझ्या मुठीला लोंबकळे. मालक कवळ्यांना बोलायला लावून तिला हसवत. येणारेजाणारे म्हणत, "काय गुळगुळीत दरवाजा आहे हो!" मीही फुगून जाई.

मग कामे वाढली. कुणाला नाही म्हणणे मालकांना जमेना. मी आधी अर्धा बंद झालो, मग पूर्ण. त्यांचे ताट खोलीतच जाऊ लागले. लेक थाप मारी, "बाबा, माझं चित्र बघता?" आतून उत्तर येई, "आलोच!" ती मला टेकून वाट बघे आणि तिथेच पेंगू लागे.

एके दिवशी मालकांनी मला आतून कडी बसवली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्याच घरात कडी कशाला? कडी लागली की कवळ्या घासण्याचा आवाज थांबे. मालक माझ्याकडे पाठ करून बसत, त्यामुळे काय चालले आहे ते मला दिसेना. तरी हाक मारली की "कामात आहे!" हे ठरलेले. मालकीणबाईही येताजाता मला कान लावू लागल्या. संशय एकट्या माझाच नव्हता.

एका दुपारी बाईंनी थाप मारली. "जेवण गार झालं. उघड."

आत काहीतरी खळकन पडले.

"काय पडलं? अरे, बोल तरी!"

उत्तर आले नाही. बाईंनी पेचकस आणला आणि माझ्या बिजागऱ्याच उघडल्या. लेकीने मला खालून धरले. मी कण्हत त्यांच्या अंगावर आलो.

मालक खुर्चीतच होते. खाली कवळी दुभंगून पडली होती. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने आवळून धरला होता.

"बोटं ऐकत नाहीत," ते पुटपुटले. "मुंग्या येतात. हातात काही टिकत नाही."

"कधीपासून?"

"कडी लावली तेव्हापासून."

"आणि मला वाटलं..." बाई थांबल्या. "सांगितलं का नाहीस?"

"तू काम बंद करायला लावलं असतंस."

"हो, लावलंच असतं!" म्हणत त्या खाली बसल्या आणि त्यांची बोटे चोळू लागल्या.

मनगटातली नस दबली होती. डॉक्टरांनी हाताला सक्तीची विश्रांती दिली. मी भिंतीला टेकून धूळ खात पडलो. मला कुणी विचारेना. फक्त लेक माझ्यावर खडूने चित्रे काढी आणि मालक शेजारी बसून बघत.

हात बराचसा सुधारला, पूर्वीसारखा मात्र झाला नाही. मालक आता बेतानेच काम घेतात. दातांचे काही डॉक्टर त्यामुळे दुसरीकडे गेले. मलाही कडी काढून पुन्हा बसवले. संध्याकाळी काम आत ठेवून ते मला बाहेरून बंद करतात.

माझा अजून पुरता विश्वास नाही. परवाच संध्याकाळी मला बंद केल्यावर आत कामाचा फोन वाजला, तर मालक "पाणी पिऊन येतो" म्हणत चोरपावलांनी माझ्यापाशी आले. मी मुद्दाम करकरलो. "कोण आहे तिकडे?" बाईंनी विचारले. "कुणी नाही!" म्हणत मालक मुकाट्याने परत फिरले.

मित्रांनो, बंद दरवाजामागे शांतता असली की आत काम जोरात चालले आहे, असे समजू नका. थाप मारा, हाक मारा. उत्तर नाही आले, तर आमची पर्वा करू नका. दरवाजे पुन्हा बसवता येतात.