आजेसासऱ्यांची बढती

पारख्याला सगळे पारख्या म्हणत, कारण लढाईच्या काळातला लष्करी कोट हातात दिला की तो नुसता हुंगून अस्सल-नकली सांगायचा. मग खात्रीसाठी बटणांची पाठ बघायचा, अस्तर चिमटीत धरायचा आणि खिडक्या लावून निळा दिवा मारायचा. हल्लीचा दोरा त्या दिव्याखाली पांढराफटक चमकतो, जुना दोरा गप्प राहतो. या विद्येनं पोट भरत नव्हतं, पण छाती फुगत होती. घरात एक कपाट बायकोचं होतं, बाकी सगळीकडे सैन्य.

आणि एवढ्या सैन्यात घरचा म्हणावा असा कोट कुणाचा? बायकोच्या आजोबांचा. रसदीच्या गोदामातला! आजोबांनी अख्खी लढाई साबणाच्या पेट्या मोजण्यात काढली, अंगावर ओरखडा न उठता परत आले, मग लग्न केलं. यथावकाश त्यांना मुलगी झाली, म्हणजे पारख्याच्या सासूबाई. आणि आजोबा असे काही सुटले की आजीला कोटाच्या दोन्ही कुशी उसवून, आत दाबलेली सगळी माया सोडून तो सैल करावा लागला.

संग्राहक मंडळात त्या कोटाची रेवडी उडायची. मंडळाचे अध्यक्ष कर्नल. सैन्याशी त्यांचा संबंध नव्हता. जन्मभर विमा विकला होता, पण मिशा अशा राखल्या होत्या की लोक आपणहून वाट सोडत.

"काय पारख्या," कर्नल म्हणायचे, "आजेसासऱ्यांनी शत्रूला साबण लावला म्हणे?"

यंदाच्या प्रदर्शनात मधलं काचेचं कपाट कुणाला द्यायचं हे कर्नल घरोघरी जाऊन ठरवणार होते. पारख्यानं मग तेच केलं, ज्याला संग्राहक चारचौघांत थू थू करतात आणि जे दार लावून करतात. एका फाटक्या कोटाच्या बाहीवरच्या तीन फिती काढल्या, त्याच कोटाचा जुना दोरा सुईत ओवला आणि आजोबांच्या बाहीवर शिवून टाकल्या. दिवा काय बोलणार? फिती अस्सल, दोरा अस्सल.

"अहो, आजोबा भित्रे होते हो," बायको म्हणाली. "त्यांना कशाला पुढे ढकलताय?"

"मेलेल्या माणसाला बढती दिली तर तो काय तक्रार करणार?"

सकाळी बघतो तर टाके त्याचे नाहीत. त्याचे टाके म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखे. हे बारीक, सपाट, लष्करी शिंप्याचे. फितीची कड उचलून पाहिली. भोवतालची बाही उन्हानं विटलेली, खालचं कापड गडद. म्हणजे फिती तिथं वर्षानुवर्षं होत्या. पारख्याला वाटलं, आपला हात बसला.

मग कुशी गेल्या. म्हणजे आजीनं उसवलेल्या कुशी पुन्हा मिटल्या. उसवलेल्या शिवणीची भोकं कुणाच्या बापाला बुजवता येत नाहीत, पण इथं एक भोक नव्हतं. कोट काडीपहिलवानाचा झाला होता. 'आजोबा बारीक झाले,' म्हणून तो हसला. आणि हसताहसता थांबला. आजोबा सुटले ते लढाईवरून परत आल्यावर. ज्या कोटाला सैल व्हायची वेळच आली नाही, त्याचा मालक...

"अगं," त्यानं हाक मारली, "आज तुझ्या आईचा फोन नाही आला?"

बायको चादरीची घडी घालत होती. "कुणाच्या?"

"तुझ्या आईच्या!"

"माझ्या?" तिनं आठवून पाहिलं, आणि आलेली शिंक परत जावी तसा तिचा चेहरा कोरा झाला.

पाप कशाला लपवा, पारख्याला क्षणभर बरं वाटलं. मग त्याची नजर कोटाकडे गेली. डाव्या छातीवर एक भोक होतं. लहानसं, गोल, कडा तपकिरी आणि कडक. त्यानं दिवा मारला. काही चमकलं नाही. भोक अस्सल होतं.

त्यानं आपलं घर कोट तपासावा तसं तपासलं. बायकोच्या उशीला खळगा नव्हता, तेलाचा डाग नव्हता. उशी कोरी करकरीत. सोफ्याच्या तिच्या कोपऱ्यात स्प्रिंग ताठ. तिचं कपाट उघडलं तर आत ओळीनं गणवेश टांगलेले, प्रत्येकाला त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी. बाई या घरात कधी राहिल्याची एक खूण नव्हती.

"अगं!" तो ओरडला.

"हं," स्वयंपाकघरातून आवाज आला, पण तीन घरं सोडून आल्यासारखा.

तेवढ्यात बेल वाजली. दारात कर्नल.

कर्नलनी कोट उलटासुलटा केला, भिंग लावलं, दिवा मारला. मिशा थरथरल्या. "तीन फिती! छातीत गोळी! पारख्या, लेका, असा कोट मंडळात दुसरा नाही. मधलं कपाट तुझं. आणि तू साबण साबण म्हणून आमची थट्टा करायचास!"

"ती तुम्हीच करायचा," पारख्या म्हणाला आणि त्यानं कात्री उचलली.

"अरे, वेड लागलं का? अस्सल आहे तो!"

"तेच तर!"

फिती सरळ निघेनात. त्यानं ओढल्या, बाहीचा लचका घेऊन निघाल्या. मग कुशी टराटरा फाडल्या. आतली माया पुरेना, तेव्हा भिंतीवरचा सगळ्यात भारी कोट ओढून त्याचे दोन पट्टे कापले आणि आजोबांच्या कुशीत घातले. कर्नल असे किंचाळले की जणू त्यांचंच पोट फाडलं.

"खा आजोबा, खा!" पारख्याला रडू फुटलं होतं. "हात जोडतो, खा!" छातीवरचं भोक त्यानं हाताला लागेल त्या दोऱ्यानं, वेडंवाकडं रफू केलं. सुई चारदा बोटात गेली.

"मंडळातून तुझं नाव कटाप!" दार आपटून कर्नल गेले.

घर गप्प. पारख्या कोट मांडीवर घेऊन बसून राहिला. स्वयंपाकघरात एक भांडं पडलं.

"कान कुठं ठेवलेत? आई केव्हाची फोनवर आहे, जावईबापू कुठंयत म्हणून!" बायको पदराला हात पुसत बाहेर आली, चांगली धडधाकट, चिडलेली. मग तिला कोट दिसला. ती शेजारी बसली आणि रफूवरून बोट फिरवू लागली.

"आजोबांचा व्रण अगदी असाच होता हो."

"व्रण? ते तर गोदामात..."

"गोदामात नंतर गेले. फिती काढून घेतल्या ना, त्यानंतर. का काढल्या ते त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. आणि तो डॉक्टर! आजोबा सांगायचे, गोळी लागून पडलो होतो, तर कुठूनसा एक बाप्या आला, हात थरथरतायत, गोधडी शिवावी तसं मला शिवतोय." ती हसायला लागली. "नुसता रडत होता म्हणे. आणि बावीस वर्षांच्या पोराला सारखं म्हणत होता, 'खा आजोबा, खा.'"