लिंबाने फुत्कारणारं लाकूड

श्रावणात एरंडोलच्या हायवेवर, कौतिकभाऊंच्या लाकडाच्या वखारीपुढे अशी गर्दी लोटली की एसटीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकले. करवतीवर एक जाड ओंडका चिरला, तर आत बोट जाईल एवढी वाकडीतिकडी भोकंच भोकं, आणि प्रत्येक भोकाला दुधासारखं पांढरं अस्तर. एवढी दाटी, पण एक भोक दुसऱ्याला शिवलेलं नाही.

लगेच तोताराम महाराज उगवले. "ही अनंतनागाची नगरी. नाग दूध पिऊन फिरले, वाटा पांढऱ्या झाल्या. देव जागा आहे का, कानांनी ऐका." असं म्हणून त्यांनी भोकात लिंबू पिळलं. आतून फुस्स झालं, फेस वर आला. बाया पदर पसरून रडू लागल्या.

मी मात्र जळत होते. कौतिकभाऊ माझे थोरले दीर, बेबाबाई माझी जाऊ. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तर पोरं जांभया देतात. आणि ओंडक्याची पूजा करते म्हणून हिच्या पाया पडायला चाळीसगावहून बाया येतात. दरवर्षी श्रावणात कानबाई देवी माझ्या घरी ज्या चौरंगावर बसते, तो चौरंगही सासूबाईंनी उचलून तिच्याकडे नेला, त्या ओंडक्यासाठी.

तेही गिळलं असतं. पण सासूबाईंनी, म्हणजे भिकुबाईंनी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोडल्या. पांढरं अस्तर खरवडून पाण्यात कालवलेलं 'नागदूध' बेबाबाईच्या हातून प्यायच्या. परवा न्हाणीत चक्कर येऊन बसल्या. मी गोळी पुढे केली तर म्हणाल्या, "बठ्ठा गाव येस, तुलेच काय व्हस?"

सगळा गाव येत होता, आणि मला काय होत होतं ते मला ठाऊक होतं. जीव सासूबाईंसाठी तुटत होता, आणि बेबाबाईचं नाक खाली व्हावं असंही वाटत होतं. मी भाऊंना विचारलं, "ओंडका आला कुठून?"

"गुजरातहून. समुद्रावर जुन्या होड्या मोडतात, त्यातला."

तिथेच माझी ट्यूब पेटली. आमच्यातल्या कितीजणांनी समुद्र पाहिलाय? गाडीभर लाकूड येतं, आम्ही दारं-चौकटी करतो, त्याच्या मागच्या जन्माची चौकशी कोण करतो.

सोमवारी भरगर्दीत मी वखारीत ओंडक्यापुढे पटाशी-हातोडी घेऊन बसले. महाराज म्हणाले, "बाई, नाग कोपेल."

"कोपू दे, मी इथेच आहे."

भोक शेवटपर्यंत उघडलं. टोकाला वाटाण्याएवढ्या दोन शिंपा निघाल्या. करवतीखाली सापडलेल्या ज्या शिंपा महाराज नागमणी म्हणून लोकांना वाटत होते, तशाच या. भिंगाखाली कडेला बारीक दातांच्या ओळी दिसल्या, कानशीसारख्या. दुसऱ्या टोकाला, भोकाच्या तोंडाशी, गव्हाच्या ओंबीच्या आकाराची दोन चिमुकली झाकणं मिळाली.

"या झाकणांवरूनच जात ओळखतात," मी सांगितलं. "हा समुद्रातला शिंपला. अंग गांडुळासारखं लांब, डोक्याशी या दोन शिंपा. त्यांनी लाकूड किसत आत जातो आणि मागे चुन्याचं अस्तर लावतो. शेजाऱ्याचं भोक जवळ आलं की वळतो."

"मग फुत्कार?" बेबाबाईने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

समोरच्या ऑम्लेटच्या गाडीवरून मी अंड्याची टरफलं आणवली. चुरून वाटीत टाकली, वर लिंबू पिळलं. फेस आला. वाटी कानाशी नेली की तसंच फुसफुसत होतं. "चुन्यावर आंबट पडलं की वायू सुटतो. आता या ऑम्लेटवाल्याच्याही पाया पडा."

लोक हसले. महाराजांची मोटारसायकल कधी निघाली ते कळलंही नाही.

भिकुबाईंनी वाटी स्वतःच्या कानाशी नेली. मग म्हणाल्या, "गोळ्या कोठे शेत?" मी पर्समधून पाकीट काढून हात पुढे केला. त्यांनी तो हात बाजूला सारला.

"बेबा, तू दे."

बेबाबाईने डोळे पुसले, माझ्या हातातून पाकीट घेतलं, पाणी आणलं. मी पुन्हा जळले. पण गोळी घशाखाली उतरली, ती मी पाहिली.

म्हणून सांगते. गोळी कुणाच्या हातून घ्यायची, ते आपल्या मनाला विचारा. कोणती घ्यायची, ते डॉक्टरला विचारा.