घाट बंद होता

आमचे हे मुळात घुमे. त्यात दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि होती नव्हती तेवढी वाचाही गेली. आता नुसती मान हलवतात. वर-खाली म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. डोकं मात्र शाबूत आहे. घरात बोलायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच, त्यामुळे बाहेरच्यांना फारसा फरक कळला नाही.

सहलीचं मुलाने ठरवलं. म्हणाला, "आई, बाबांनी सात वर्षं जिथे काम केलं ते गाव तू पाहिलंच नाहीस." खरं होतं. हे गवंडी. समुद्रकाठच्या त्या जुन्या गावाचा तट ढासळत आला होता, त्याच्या दुरुस्तीला कारागीर नेले, त्यात हे गेले. भिंतीला चुना लावायला गेले आणि मलाच चुना लावून गेले, असं मी चारचौघांत म्हणायचे. लोक हसायचे. हेही हसायचे.

गावाचं मला काही पडलं नव्हतं. घाट तेवढा बघायचा होता.

आमची थोरली चार वर्षांची असताना तापाने फणफणली. मुलगा तेव्हा पोटात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हात टेकले तशी मी पोस्टात धावले आणि यांना तार केली: मुलगी आजारी, ताबडतोब या. एका दिवसाचा रस्ता. हे आले नवव्या दिवशी. तोवर सगळं आटोपलं होतं. उंबऱ्यात उभे राहून एकच वाक्य बोलले, "दरड कोसळली, घाट बंद होता." पुढे तिचं नाव निघालं की उठून जायचे. ती कुठल्या दिवशी गेली हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. यांच्यावर रागवायचं नाही म्हणून एकतीस वर्षं मी एका डोंगरावर रागावले.

बस डोंगरांपाशी आली. तिन्ही बाजूंनी नुसते डोंगर, माथ्यावर ढग बसलेले, झाडी इतकी दाट की भर दुपारी दिवेलागणीसारखं वाटावं. मी काचेला नाक लावून वळणं शोधत होते. बस सरळ एका भोकात शिरली. गाईड पोरगी माइकवर म्हणाली, "हा बोगदा सत्तर वर्षांचा आहे बरं का! जुना घाट तेव्हाच सोडून दिला. तेव्हापासून गावचा रस्ता एक दिवससुद्धा बंद पडलेला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते. बोगद्यात बघायला होतं काय, डोंबल!

गाव सुंदर आहे म्हणतात. असेल. दगडी गल्ल्या, लाकडी गच्च्या, पायऱ्या थेट समुद्रात उतरलेल्या, आणि पाणी सगळं राखाडी. माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं. तटापाशी गाईड म्हणाली, "हा भाग अगदी मूळचा. चारशे वर्षांत एक दगड हललेला नाही." यांनी चांगला हात पुढे करून दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. मी समजले काय ते. एरवी मी त्या पोरीला चार शब्द सुनावले असते, पण त्या दिवशी मला यांचं कौतुक करायचं नव्हतं. मंडळी बुरूज चढायला गेली तशी मी यांना तटालगतच्या बाकावर बसवलं.

"रस्ता चालू होता?"

मान वर-खाली.

"तार मिळाली होती? त्याच दिवशी?"

हो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दुसरी कोणी होती का इथे?" मान इतक्या जोरात आडवी हलली की टोपी खाली पडली. "मुकादमाने सोडलं नाही?" नाही. "मग काय धाड भरली होती तुम्हाला?"

याला मान कशी हलवणार! त्यांनी चांगल्या हाताने मांडीवर कागदाची घडी उलगडल्यासारखं केलं, आणि मग तोच हात डोळ्यांवर ठेवला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या काळी मेल्याची तार कोणी सरळ करत नसे. माणूस गेलेला असला तरी तारेत 'आजारी'च लिहायचे, प्रवासात बिचाऱ्याने हबकू नये म्हणून. 'आजारी, ताबडतोब या' म्हणजे कारभार आटोपला, हे शेंबडं पोरही ओळखायचं. आणि मी बावळट, जे होतं तेच लिहून मोकळी झाले.

"ती गेलीच, असं समजलात?"

हो.

"आणि यायचा धीर झाला नाही?"

हो. मान हलायची थांबेना.

अहो, ती जिवंत होती! तार केली तेव्हा जिवंत होती, आणि त्यानंतर चार दिवस होती. खाऊ नको, पाणी नको, "बाबा आले?" एवढंच. दाराकडे तोंड करून निजायची, कूस बदलली तर रडायची. सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. माझी जीभ कोणाचं ऐकत नाही, सासूबाईंचीही तिने कधी पत्रास ठेवली नाही. एकतीस वर्षांचा सूड आयता हातात आला होता, आणि तो घ्यावासा वाटला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात यांनी माझा हात ओढला. एक बोट वर केलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मला आधी कळेना.

"त्याच दिवशी गेली का, असं विचारताय?"

मान वर-खाली. तिच्याबद्दल यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"त्याच्याही आधी," मी म्हणाले. "पोस्टात निघाले तेव्हाच संपलं होतं सगळं. झोपेतच गेली. तुम्ही पंख लावून आला असतात तरी भेटली नसती."

हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडले, चांगले आवाज काढून. गाईड पोरगी धावत आली. "आजोबांना बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय त्यांना," मी म्हणाले. वाटतच असणार, कारण परतताना बस सुटायच्या आत हे गाढ झोपले.

सासूबाई गेल्या, ते डॉक्टरही गेले. ती दाराकडे बघत गेली हे जाणणारी मी एकटी उरले. इतकी वर्षं वाटायचं, कधीतरी भांडणाच्या भरात का होईना, यांना ते चार दिवस सांगेन आणि अर्धं ओझं यांच्या डोक्यावर देईन. आता तशी सोय मीच ठेवली नाही.