जाईचे ओठ आणि मी फुंकणी

मित्रांनो, चुलीमागे गंजत पडलेली ही लोखंडी नळी म्हणजे मी, एक जुनी फुंकणी. भरे गावच्या लोहाराने मला घडवले आणि अठ्ठ्याहत्तर साली मी कुशाबाच्या घरी आले. विझत्या चुलीत जीव आणायचा, हे माझे काम. त्याचे कौतुकही व्हायचे. पण त्या घरातली एक गोष्ट मला बघवत नव्हती आणि कोणाला सांगताही येत नव्हती.

कुशाबाचे कान खाणीतल्या सुरुंगाने गेले होते. तो समोरच्याच्या ओठांवरून बोलणे ओळखायचा. बायकोचे, शेजाऱ्यांचे, सगळ्यांचे. फक्त पोटच्या जाईचे अक्षरही त्याला कळत नसे. जाई जन्मापासून आंधळी. बोलणे कानाला खणखणीत, पण ओठ जेमतेम हलायचे. बोलताना ओठ पुढे येतात हे तिने पाहिले कुठे होते? सारे काम ती आत जिभेवरच भागवायची. लहानपणी कोणाच्या तोंडाला हात लावला, की आई गोजराबाई चापट मारायची, "मोठ्यांच्या तोंडाला हात लावू न्हाई!"

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीया? रुसलीस व्हय?" कुशाबा खेकसायचा. जाई "न्हाई" म्हणायची, तेही त्याला दिसायचे नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. अरे, हीच पोर मला फुंकताना ओठांचा केवढा चंबू करते! पण दोन तोंडे असून मला बोलता येत नाही.

एकदा गोजराबाई माहेरी गेली होती. एरवी जाईचे कामापुरते बोलणे तीच कुशाबाला सांगायची.

"भाकरी थापू का, आबा?" जाईने विचारले. पुन्हा विचारले. कुशाबाचे डोके फिरले. त्याने मला अंगणात भिरकावले. हा पोचा तेव्हाचा.

"नगं बोलूस माज्याशी!"

जाई चाचपडत पुढे झाली आणि तिचा हात बापाच्या तोंडावर पडला. तो अजून ओरडतच होता; पुढे आलेले ओठ तिच्या बोटांना लागले.

"अगं बया! बोलताना बी फुंकत्यात व्हय?"

मग तिने माझ्यासाठी करायची तसा चंबू केला आणि सावकाश म्हणाली, "मी रुसले न्हाई, आबा."

कुशाबाने तिचा हात आपल्या ओठांवर तसाच धरून ठेवला. "रुसली न्हाईस? मंग इतकी वर्सं..."

आता घरात स्टोव्ह आला, मी अडगळीत पडले. मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला. पण कोणाला "नीट बोल" म्हणून दटावण्याआधी, नीट म्हणजे कसे हे त्याला कधी कळू दिले का, तेवढे बघा. जाईच्या हातावर चापटी मारणाऱ्या त्या घरात ते कोणी बघितले नव्हते.